फ्रीज खाली, खोके वर : पावसाळ्याआधी माळा रिकामा करण्याच्या नोंदी

आमचे घर कोल्हापुरात शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून जवळ आहे. पंचगंगेला पूर आला म्हणजे नदी आमच्याकडे थेट येत नाही. तिचा फुगवटा नाल्यातून उलटा चढतो आणि पाणी आधी गटारीतून व नंतर उंबऱ्यावरून आत येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावरील पातळी ५५ फुटांच्या वर गेली, त्या दोन्ही वेळी आमचे स्वयंपाकघर पाण्यात होते. तेथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असल्यामुळे सामान वर चढवण्यास अवधी मिळतो. आमच्याकडे अवधी होता, जागा नव्हती. २०२१ साली फ्रीज पाण्यात गेला आणि त्याचे रिकामे खोके मात्र माळ्यावर कोरडे राहिले, ही हकिकत आमच्या नात्यात अजूनही जेवणाच्या पंगतीत सांगितली जाते.

ज्यांचे घर पूरपट्ट्यात आहे, घरात दोनच निवृत्त माणसे आहेत आणि माळा भरलेला आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. हे पाटबंधारे खात्यात भांडारपाल होते आणि मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असे, एवढी माहिती पुढील अडचणी समजण्यासाठी आवश्यक आहे.

२ मे : पाहणी

माळा स्वयंपाकघर आणि बोळ यांच्यावर आहे. तो सिमेंटचा असून त्याची उंची बसण्याइतकी आहे, उभे राहण्याइतकी नाही. घडीची शिडी गल्लीतल्या तालमीकडून उसनी मिळाली. तालमीने भाडे घेतले नाही, पण वर्गणीची पावती फाडून हातात दिली, ती १०० रुपयांची. माळ्यावर दिवा नसल्यामुळे पहिली पाहणी विजेरीने केली व ती व्यर्थ गेली, कारण विजेरीच्या उजेडात सगळीच खोकी सारखी दिसतात. लांब वायर, होल्डर आणि बल्ब असे २४० रुपयांचे सामान आणले. हा खर्च पहिल्याच दिवशी करावा; अंधारात आपण सामान काढत नाही, एका बाजूचे दुसऱ्या बाजूला सरकवतो.

कामाची वेळ सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र झाल्यानंतर अकरापर्यंत ठरवली. अकरानंतर मे महिन्यात माळ्यावर बसवत नाही. दुपारी एक ते चार या वेळेत आमच्या घरात कोणताही प्रकल्प चालत नाही आणि संध्याकाळी मालिका असते. म्हणजे हाताशी दिवसाचे जेमतेम दोन तास येतात, आणि त्यांपैकी अर्धा तास चष्मा शोधण्यात जातो. निवृत्त माणसांना वेळच वेळ असतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे वेळापत्रक पाहावे.

३ मे : नोंदवही

यांनी काम सुरू करण्यापूर्वी जडवस्तू नोंदवही आखली. अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन, प्राप्तीचे वर्ष, सद्यस्थिती, शिफारस आणि शेरा असे सहा रकाने होते. कोणतीही वस्तू टाकण्यापूर्वी तिचे रीतसर निर्लेखन झाले पाहिजे, त्यासाठी समितीचे एकमत झाले पाहिजे आणि दोन्ही सदस्यांच्या सह्या झाल्या पाहिजेत, असा नियम यांनी वाचून दाखवला. समितीचे सदस्य दोन. मी अध्यक्षपद कोणाकडे असे विचारले, तेव्हा अध्यक्षांना निर्णायक मत असते हे लक्षात घेऊन यांनी ते पद रिक्त ठेवले.

मीही वस्तूंचे ठेवायच्या, द्यायच्या आणि विकायच्या असे तीन ढीग करायचे ठरवले होते. ही पद्धत सगळीकडे सांगितली जाते आणि आमच्याकडे ती तासाभरात मोडली, कारण प्रत्येक वस्तू ठेवायच्या ढिगात जाते व उरलेल्या दोन ढिगांच्या जागेवर बसून त्याबद्दल चर्चा होते.

५ मे : वेग

हे वर चढले आणि मी खाली राहिले. वरून एक वस्तू यायची, तिचे वर्णन हे वरूनच सांगायचे, मी लिहायचे, आणि मग प्राप्तीच्या वर्षावरून वाद व्हायचा. पितळी स्टोव्ह १९७९ चा की १९८१ चा हे ठरवताना यांच्या धाकट्या भावाची मुंज, तिथे झालेला पाऊस आणि त्या पावसात भिजलेल्या जिलब्या असा सगळा पुरावा तपासला गेला. अकरा वाजेपर्यंत स्टोव्ह, एक बिनदांड्याची छत्री आणि हॉर्लिक्सच्या काचेच्या रिकाम्या बाटल्यांची एक पाटी एवढेच खाली आले. त्यातल्या बाटल्या जेवणानंतर परत वर गेल्या.

दुरुस्ती म्हणून प्राप्तीच्या वर्षाचा रकाना रद्द केला. यांची हरकत शेऱ्यात नोंदवली आहे.

८ मे : कंबर

जुन्या गादीची वळकटी ओढताना यांची कंबर धरली. वाकून बसलेल्या स्थितीत जड वस्तू बाजूने ओढू नये. आधी तिच्यामागे सरकावे आणि ढकलावी. हे ज्ञान डॉक्टरांकडून मिळाले, त्यांनी पट्टा दिला (४५० रुपये), आणि काम थांबले. या सक्तीच्या विश्रांतीत यांनी नोंदवहीला अनुक्रमणिका केली.

काम पुन्हा सुरू झाले तेव्हा भूमिका बदलल्या. मी वर आणि हे खाली खुर्चीवर, अशी व्यवस्था झाली. शिडी धरायला शेजारची सून येते. ती मूळची इथलीच असल्यामुळे "काकू, मी धरतो, तुम्ही चढा बिनघोर" असे म्हणते आणि खरोखर बिनघोर वाटावे इतकी घट्ट धरते. शिडीला तिसरे माणूस हवेच. ज्याची कंबर धरली आहे त्याने शिडी धरू नये. लहान वस्तू उतरवण्यासाठी बादलीला दोर बांधला. बादली खाली जाताना मी वस्तूचे नाव सांगते आणि हे ती पाहून "प्राप्त" असे म्हणतात. यामुळे वेग पुष्कळ वाढला, कारण वस्तू हातात धरून आठवण सांगायला बादली थांबत नाही.

११ मे : परिमाण

आज सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती झाली, म्हणून ती सविस्तर लिहिते.

फ्रीजच्या खोक्यापाशी आम्ही पोहोचलो. ज्या फ्रीजचे ते खोके होते तो फ्रीज २०२१ च्या पुरानंतर मोडीत गेला. तरीही हे खोके द्यायला तयार नव्हते. घर बदलावे लागले तर नवा फ्रीज कशातून नेणार, असा यांचा मुद्दा होता. आम्ही या घरात चाळीस वर्षांहून अधिक काळ राहत आहोत आणि नवा फ्रीज आकाराने मोठा आहे, हे दोन्ही मुद्दे मी मांडले. ते नोंदवून घेण्यात आले आणि फेटाळण्यात आले. "उपयोगाची आहे का" या प्रश्नाचे उत्तर भांडारपालाकडून कधीच नाही असे येत नाही, हे मला इतक्या वर्षांच्या संसारानंतर ठाऊक असायला हरकत नव्हती.

मग मी प्रश्न बदलला. हे खोके वर राहिले तर त्याच्यापायी खालचे काय पाण्यात जाईल, असे विचारले. यांनी टेप मागवला. २५ किलोची तांदळाची पिशवी आडवी ठेवून मापली, ती ७० सेंटिमीटर लांब, ४२ रुंद आणि १२ उंच भरली, म्हणजे साधारण ३५ लिटर. खोके ६५ बाय ६५ बाय १७० सेंटिमीटर, म्हणजे ७१८ लिटर. भागाकार यांनी पाठीमागच्या कोऱ्या पानावर केला, तो दोनदा तपासला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या खोक्यात तांदळाच्या वीस पिशव्यांची हवा होती.

त्या क्षणापासून नोंदवहीत "जागा (पिशव्यांमध्ये)" हा रकाना आला आणि वाद बंद झाले असे नाही, पण त्यांना शेवट आला. वस्तू चांगली की वाईट, कोणी दिली, पुन्हा मिळेल का, हे विचारायचे नाही. ती किती पिशव्यांची जागा अडवते आणि पूर आला तर त्या जागेवर काय ठेवता आले असते, एवढेच विचारायचे. खोक्याच्या निर्लेखनावर यांनी स्वतः आधी सही केली.

एक सूचना इथेच लिहिते. आमच्याकडे वीस पिशव्या तांदूळ नसतो आणि असला तरी तो माळ्यावर एका जागी रचायचा नाही. वीस पिशव्या म्हणजे ५०० किलो. गल्लीत बांधकामाची कामे घेणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी माळा पाहून सांगितले की जड सामान भिंतीलगत, जिथे स्लॅबला आधार आहे तिथे ठेवावे, मोकळ्या कडेला आणि मध्यावर हलके ठेवावे. पिशवी हे केवळ माप आहे.

१३ मे : विक्री

भंगारवाला आला. यांनी स्वतःचा ताणकाटा काढून त्याच्या काट्याशी पडताळणी मागितली. "काका, तुमचा काटा पेन्शनीत गेलाय, माझा अजून नोकरीत हाय," असे तो म्हणाला, पण वजन दोन्हीकडे सारखे भरल्यावर दोघांचीही मैत्री झाली आणि पुढचा हिशेब सुरळीत झाला. रद्दी ४६ किलो, १४ रुपयांनी ६४४ रुपये. पुठ्ठा १८ किलो, ८ रुपयांनी १४४. लोखंड १२ किलो, २८ रुपयांनी ३३६. प्लॅस्टिक ९ किलो, १० रुपयांनी ९०. पुठ्ठ्यात फ्रीजचे खोके होते. ते घडी घालून हातगाडीवर ठेवेपर्यंत हे दारात उभे होते.

पितळ त्याला दिले नाही. गळकी तपेली, फुटकी समई आणि कडा उचकटलेली परात मिळून साडेसहा किलो होती. भंगारवाल्याने ३५० रुपये भाव सांगितला, भांड्यांच्या दुकानात मोडीला ४२० मिळाला. लोखंडी कडी किंवा डाखाचा भाग असेल तर तो वजनातून वजा होतो, त्यामुळे कड्या घरीच काढून न्याव्यात. २,७३० रुपये आले. नवे भांडे घेतले तर भाव आणखी बरा देतो असे दुकानदार म्हणाला; नवे भांडे घेण्यासाठी जुने विकायला आलेलो नाही, असे मी म्हणाले आणि यांना दुकानाबाहेर काढले.

रेडिओचा प्रश्न निघाला. पूर्वी रेडिओ बाळगायला टपाल खात्याचा परवाना लागे आणि तिकिटे चिकटवलेले ते पुस्तक रेडिओच्या पाठीला रबराने बांधलेले होते. रेडिओ अर्धी पिशवी, परवाना शून्य. रेडिओ १५० रुपयांना गेला, परवाना ठेवला. बिनपरवान्याच्या रेडिओबद्दल ऐकले होते, रेडिओविना परवाना मात्र आमच्याच घरी असावा.

१५ मे : वाकळा

सासूबाईंनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळा निघाल्या. त्यांना कुबट वास होता आणि एका कोपऱ्यात कसर लागली होती. मापाने त्या चार पिशव्या भरल्या, पण त्यांच्या बाबतीत रकाना पुढे करायचे धाडस दोघांनाही झाले नाही. धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. सुती वाकळ भिजली की दोन माणसांनाही उचलत नाही, म्हणून ती गच्चीवरच धुवावी, खाली धुऊन वर नेऊ नये. हे आम्हाला जिन्याच्या मध्यावर समजले.

संध्याकाळी चार वाजता जोतिबाच्या बाजूने आभाळ भरून आले आणि वळीव झाला. आम्ही वामकुक्षीच्या शेवटच्या टप्प्यात होतो. वाकळा पुन्हा पहिल्यापासून वाळवाव्या लागल्या आणि काही दिवस गच्चीवर पहारा ठेवून दुपारची झोप आळीपाळीने घ्यावी लागली. मे महिन्याच्या उत्तरार्धात कोल्हापुरात दुपारनंतर जाड कापड वाळत घालू नये. सकाळी घालावे आणि तीनला काढावे.

वाळल्यानंतर घट्ट गुंडाळून, प्रत्येक वळकटीत वेखंडाचे तुकडे ठेवून आणि जुन्या चादरीत बांधून त्या अडीच पिशव्यांत बसवल्या. यातील एक वाकळ सध्या यांच्या कंबरेखाली आहे.

१८ मे : थर्मोकोल

गणपतीची जुनी मखरे निघाली. यांनी दर वर्षी एक देऊळ कोरले होते आणि दर वर्षी ते पुढच्या वर्षी वापरू म्हणून वर गेले होते. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक आणि थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हापासून ही देवळे वापरताही येत नाहीत. भंगारवाला थर्मोकोल घेत नाही. अखंड मखर घंटागाडीत मावत नाही.

म्हणून ती तोडायचे ठरले. यांनी करवत घेतली. कोरडे थर्मोकोल करवतीने कापल्यावर त्याचे जे पांढरे मणी सुटतात ते खाली पडत नाहीत. ते हवेत राहतात आणि मग ज्या वस्तूला चिकटू नयेत असे वाटते तिलाच चिकटतात. दहा मिनिटांत यांच्या मिशा, भुवया, कंबरेचा पट्टा, देवघरातली समई आणि कुकरची शिट्टी यांच्यावर मणी बसले. झाडूने झाडले की ते झाडूला बसतात, आणि झाडू आपटला की पुन्हा भिंतीला. पंखा बंद आहे का हे आम्ही पाहिले नव्हते.

उपाय सापडला तो असा : जुनी चादर भिजवून पिळायची, तिच्यात मखर गुंडाळायचे आणि चादरीतल्या चादरीत हातानेच मोडायचे. करवत वापरायचीच नाही. सुटलेले मणी ओल्या कापडाला चिकटून राहतात. जमिनीवरचे मणी ओल्या फडक्याने टिपले. मोडलेले तुकडे बांधून सुक्या कचऱ्यात दिले. आणि तरीही आज सकाळी पोह्यात एक मणी निघाला, तो यांनी खोबरे समजून खाल्ला असावा असा माझा कयास आहे, कारण ताटात मला दिसलेला मणी नंतर दिसला नाही.

२० मे : वाळवी

मागच्या ओळीतले एक खोके उचलले आणि वरचा भाग हातात आला, तळ माळ्यावर राहिला. भिंतीवरून मातीची बारीक नळी वर गेलेली होती. तिचा माग काढला तेव्हा ती खिडकीच्या लाकडी चौकटीपासून निघालेली दिसली. दोन पुरांत ती चौकट फुगली होती आणि तिचा खालचा भाग बोटाने दाबला तरी आत जात होता. नळी खरवडून टाकल्याने काही होत नाही, वाळवी दुसरी नळी बांधते. औषध मारणाऱ्याला बोलावले. त्याने भिंत आणि जमीन मिळतात तिथे ओळीने भोके पाडून औषध भरले, चौकटीतही भरले आणि १,८०० रुपये घेतले. स्वयंपाकघर बंद ठेवायचे होते म्हणून आम्ही राजारामपुरीत वन्संकडे राहायला गेलो. वन्संनी आमचा प्रकल्प ऐकून घेतला आणि स्वतःच्या माळ्यावरची एक ट्रंक दाखवून "माझ्या भावाचीच आहे ती, जाताना घेऊन जा" असे सांगितले. ट्रंक आम्ही विसरलो. मुद्दाम.

पूर येऊन गेलेल्या घरात लाकूड जिथे भिंतीला टेकते तिथे वर्षातून एकदा बोटाने दाबून पाहावे. आम्ही माळा काढला नसता तर वाळवी आणखी एक पावसाळा आत राहिली असती.

२४ मे : माझे सामान

आतापर्यंतचे वाचून सगळी अडगळ यांचीच होती असा समज होईल, म्हणून हेही लिहिणे भाग आहे. लेमन सेट माझे होते. लग्नकार्यात आणि वास्तुशांतींना आलेले आहेर पुढे कोणाला तरी देता यावेत म्हणून ते मी न उघडता वर ठेवले होते आणि ज्याचे त्यालाच परत जाऊ नये यासाठी प्रत्येकावर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावली होती. व्यवस्था निर्दोष होती. कसरीने खोकी ठेवली आणि चिठ्ठ्या खाल्ल्या. आता कोणता सेट कोणाचा हे कळायला मार्ग नसल्यामुळे तो आमच्या ओळखीतल्या कोणत्याही घरी देणे धोक्याचे झाले.

पाच पिशव्यांची जागा होती. शेवटी कोपऱ्यावरच्या सरबताच्या गाडीवाल्याला सगळे ग्लास दिले. त्याच्याशी आमचा आहेराचा व्यवहार नाही. सध्या शाहूपुरीतील त्या कोपऱ्यावर कोकम सरबत सोनेरी काठाच्या ग्लासातून मिळते आणि परवा शेजारच्या वहिनी एक ग्लास हातात धरून बराच वेळ निरखत होत्या.

विद्यार्थ्यांच्या निबंधाच्या वह्याही माझ्याच. त्या तीन पिशव्या भरल्या. यांनी टेप लावला, आकडा लिहिला आणि शेऱ्यात काही न लिहिता नोंदवही माझ्याकडे सरकवली. मी निवडक निबंध काढून एका फाइलमध्ये लावले आणि बाकीच्या वह्या पुढच्या रद्दीत दिल्या नाहीत, अजून दिलेल्या नाहीत, पण त्या आता पलंगाखाली आहेत, म्हणजे माळ्यावर नाहीत.

२७ मे : मुलांची खोकी

पुण्याचा मुलगा आणि बेंगळुरूची मुलगी या दोघांचे म्हणणे प्रत्येक फोनवर एकच असते : आई, सगळे टाकून द्या, पण माझे खोके उघडू नका. मुलीचे खोके व्हिडिओ कॉलवर तिच्यासमोर उघडले. एकेक वस्तू दाखवायची आणि तिने हो किंवा नको म्हणायचे, असे ठरले होते. शाळेतला ज्वालामुखीचा नमुना पाहून ती रडली आणि नको म्हणाली. शिंपल्यांची डबी पाहून हसली आणि हो म्हणाली. डबीला जागा लागत नाही. ही पद्धत चांगली आहे, मात्र फोन धरणाऱ्याने कॅमेरा स्वतःच्या कपाळावर धरू नये.

मुलाला सवड नव्हती. "मी आल्यावर बघतो" हे वाक्य तो अभियांत्रिकीला गेल्यापासून म्हणत आहे. त्याचे खोके साडेतीन पिशव्यांचे. यांनी ते सुतळीने बांधले, आवक-जावक क्रमांक घातला आणि खासगी बसच्या पार्सलने पुण्याला पाठवले, खर्च १८० रुपये. रात्री त्याचा फोन आला. "बाबा, हे मी इथं कुठं ठेवू?" असे त्याने विचारले. हे म्हणाले, "जागा मोजून कळव."

२ जून : पुन्हा भरणी

माळा झाडून आणि पुसून घेतला. करोनाच्या वेळचे मास्कांचे पाकीट वरच सापडले होते, ते धुळीसाठी उपयोगी पडले. घट्ट झाकणाची दोन प्लॅस्टिकची पिंपे प्रत्येकी ६५० रुपयांना आणली. त्यांत पुराच्या वेळी धान्य, डाळी आणि कागदपत्रांची फाइल जाईल. पुठ्ठ्याचे एकही खोके वर ठेवायचे नाही, असा ठराव एकमताने झाला.

तांब्याचा बंब आणि दोन पितळी घागरी मात्र परत वर गेल्या. मी त्या मोडीत काढायच्या बाजूने होते. यांनी २०१९ ची आठवण दिली. तेव्हा शिंगणापूर आणि बालिंगा येथील उपसा केंद्रे पाण्यात गेल्यामुळे शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता, महामार्ग बंद असल्यामुळे बाहेरून सामान येत नव्हते, आणि चहूकडे पाणी असताना आम्ही वन्संच्या गल्लीत टँकरपुढे दोन बादल्या घेऊन रांगेत होतो. बंब दोन पिशव्यांची जागा घेतो, पण तो पोकळ आहे. मेणबत्त्या, काडेपेट्या, दोर आणि औषधांचा डबा त्याच्या पोटात बसतो, आणि पातळी ३९ फुटांवर गेल्याचे कळताच तो रिकामा करून खाली आणून वापरायच्या पाण्याने भरायचा आणि जाताना बरोबर न्यायचा. यांचाच रकाना वापरून यांनी मला हरवले. मी सही केली.

एकूण मोकळी झालेली जागा यांच्या हिशेबाने बावन्न पिशव्या आहे. पाऊस सुरू झाल्यावर रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले ते वर्तमानपत्रातून पाहून लिहिण्यासाठी नोंदवहीच्या मागच्या बाजूला नवे पान आखले आहे. ३५ फुटांना पिंपे भरायची, ३९ ला गॅसचा सिलिंडर आणि मिक्सर, ४१ ला आम्ही स्वतः राजारामपुरीला. धोका पातळीची वाट पाहायची नाही.

९ जून : परतावा

मुलगा, सून आणि नात सुट्टीचे शेवटचे दिवस काढायला आली. गाडीच्या डिकीत पहिल्यांदा उतरले ते खोके. सुतळी तीच होती, गाठही यांचीच. "आई, आमच्याकडे माळाच नाही," असे तो म्हणाला. नातीने मात्र तिथल्या तिथे खोके उघडले आणि त्यातला ड्राफ्टर, बॅट आणि एक बंद पडलेले घड्याळ ताब्यात घेतले. उरलेले सामान दीड पिशवी भरले. हे त्यात परतावा पावती ठेवून ते माळ्यावर, पण मोकळ्या कडेला ठेवून आले, म्हणजे गरज पडली तर पहिल्यांदा तेच खाली येईल.

हिशेब

जमा : रद्दी, पुठ्ठा, लोखंड आणि प्लॅस्टिक मिळून १,२१४ रुपये, रेडिओ १५०, पितळ २,७३०, एकूण ४,०९४. खर्च : तालमीची वर्गणी १००, दिव्याचे सामान २४०, कंबरेचा पट्टा ४५०, वाळवी १,८००, पार्सल १८०, पिंपे १,३००, एकूण ४,०७०. डॉक्टरांची फी यांनी वैद्यकीय खात्यात दाखवली आहे. सुरुवातीला ५०० रुपये अग्रिम घेऊन डबीत ठेवले होते, त्यामुळे डबीत ५२४ असायला हवेत. डबीत ४८४ आहेत.

या ४० रुपयांच्या फरकासाठी यांनी सगळ्या पावत्या पुन्हा तपासल्या, भंगारवाल्याला फोन करून वजने पडताळली आणि भांड्यांच्या दुकानात जाऊन आले. ते ४० रुपये मी भंगारवाल्याबरोबर आलेल्या पोराला वडा आणि चहासाठी दिले होते. हे अजून सांगितलेले नाही. नोंदवही बंद झाली की यांचे लक्ष माझ्या पलंगाखालच्या वह्यांकडे जाईल.